थोड्या दिवसांचे घर

हिवाळ्याच्या तोंडाशी भारतातील कोणत्याही मोठ्या शहरातल्या प्राणी-आश्रयगृहाच्या फाटकाशी एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. पहाटे फाटक उघडणाऱ्या नोकराला भिंतीलगत पुठ्ठ्याचे एक खोके आढळते. त्यावर जुने फडके पसरलेले असते आणि आत कुत्र्याची चार-पाच पिल्ले एकमेकांना बिलगून पडलेली असतात. त्यांचे डोळे अद्याप उघडलेले नसतात. खोके ठेवून जाणारा माणूस निर्दय असतो असे नव्हे. आपण पिल्लांना सुरक्षित जागी पोहोचविले, असेच त्याला वाटत असते. प्रत्यक्षात या वयाच्या पिल्लांना आश्रयगृहाइतकी धोक्याची जागा दुसरी क्वचितच असेल.

असे का व्हावे, आणि त्यावर उपाय काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. उपाय दिसावयास साधा आहे. आश्रयगृहातील अशा जिवाला काही आठवडे एखाद्या कुटुंबाने आपल्या घरी नेऊन सांभाळावयाचे, आणि तो सशक्त झाला की कायमचे घर शोधण्यासाठी संस्थेकडे परत द्यावयाचा. महानगरांतील संस्थांच्या तोंडी यासाठी ‘फॉस्टर’ हा इंग्रजी शब्द रुळला आहे. मराठीत त्याला तात्पुरता सांभाळ म्हणता येईल. प्राणी पाळणे आणि प्राणी सांभाळणे यांत अंतर आहे. पाळणाऱ्याचे नाते प्राण्याच्या आयुष्यभराचे असते. सांभाळणाऱ्याने प्रारंभापासूनच निरोपाची तयारी ठेवावयाची असते.

पांजरपोळापासून आश्रयगृहापर्यंत

आजारी व निराधार प्राण्यांची सोय लावणे ही कल्पना भारताला नवीन नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. पश्चिम भारतात, विशेषतः गुजरातमध्ये, जैन व वैष्णव समाजाने चालविलेली पांजरपोळे कित्येक शतकांपासून आहेत. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजातून मोठा उद्रेक झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी देशातील पहिली संस्था १८६१ साली कलकत्त्यात स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर या कार्याला कायद्याचा आधार मिळाला. प्रख्यात नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेच्या सदस्या असताना प्राण्यांच्या संरक्षणाचे विधेयक मांडले होते. त्या प्रयत्नांची परिणती प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यात झाली. या अधिनियमानुसार १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव सृष्टीविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट करण्यात आले.

पांजरपोळाची मूळ कल्पना मात्र आजन्म आश्रयाची होती. आत आलेला प्राणी तेथेच राहणार आणि तेथेच मरणार, हे गृहीत होते. आधुनिक आश्रयगृहाचे ध्येय निराळे आहे. तेथे प्राण्यावर उपचार करावयाचे आणि त्याला पुन्हा त्याच्या परिसरात अथवा एखाद्या घरात पोहोचवावयाचे. आश्रयगृह म्हणजे धर्मशाळा, कायमचे बिऱ्हाड नव्हे. ज्याला धर्मशाळेतही राहणे परवडत नाही अशा जिवासाठी तात्पुरत्या सांभाळाची योजना असते.

गर्दीचे दुष्परिणाम

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाख नोंदविली गेली. त्या मानाने आश्रयगृहे थोडी आणि त्यांतील पिंजरे त्याहून थोडे. जखमी, आजारी, मालकाने सोडून दिलेली आणि शस्त्रक्रियेसाठी आणलेली अशी सर्व प्रकारची जनावरे तेथे एकाच आवारात असतात. प्रौढ व लस टोचलेल्या कुत्र्याला ही गर्दी सोसते. पिल्लाला सोसत नाही.

याचे कारण पिल्लाच्या शरीरातच आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती पुढे आठवड्यागणिक क्षीण होत जातात. लसीने स्वतःची प्रतिकारशक्ती निर्माण व्हावी, तर आईकडून आलेली ही द्रव्ये शरीरात शिल्लक असताना लस पुरती लागू पडत नाही. परिणामी असा एक काळ येतो की आईचे संरक्षण अपुरे पडू लागलेले असते आणि लसीचे अजून सुरू झालेले नसते. म्हणूनच पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

या मधल्या काळात पार्व्हो हा विषाणू घाला घालतो. तो १९७८ च्या सुमारास जगभर एकाएकी पसरला. त्याच्या संसर्गाने पिल्लाला उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. उपचार न झाल्यास पिल्लू काही दिवसांत दगावते. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेला हा विषाणू जमिनीत, फटींत, चपलांच्या तळव्यांना महिनोन्महिने तग धरून राहतो. साबणाने व सामान्य जंतुनाशकांनी तो मरत नाही. त्यासाठी जागा आधी घासून धुऊन मग ब्लीचिंग पावडरचे ताजे द्रावण वापरावे लागते. शेकडो जनावरांची ये-जा असलेले आवार या विषाणूपासून पूर्णपणे मुक्त ठेवणे अत्यंत कठीण असते. ज्या घरात अलीकडच्या काळात कुत्रे आजारी पडलेले नाही, असे घर त्या पिल्लासाठी कोणत्याही पिंजऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असते.

आश्रयगृहाला सांभाळकर्त्यांची गरज का भासते, याचे पहिले उत्तर हे आहे. माया आणि हौस यांना स्थान आहेच, परंतु मूळ हेतू संसर्गाची साखळी तोडण्याचा असतो.

आई असेल तर आईच

येथे एक इशारा आवश्यक आहे. रस्त्यावर दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. कुत्री अन्नाच्या शोधात गेलेली असते. मांजर तर आपली पिल्ले एकेक करून दुसऱ्या जागी हलवीत असताना काही काळ त्यांना उघड्यावर सोडून जाते. पिल्लांचे अंग स्वच्छ असेल, पोटे भरलेली दिसत असतील आणि ती निवांत झोपलेली असतील, तर आई जवळपास आहे असे समजावे. काही तास दुरून लक्ष ठेवणे हे अशा वेळी सर्वांत मोठे साहाय्य होय. पिल्ले थंड पडलेली, सतत केकाटणारी, मुंग्यांनी वेढलेली वा जखमी असतील, किंवा आई मेलेली आढळली असेल, तरच त्यांना उचलणे योग्य ठरते.

उघड्यावरील जीवन पिल्लांसाठी खडतर असते, हे खरे. कोलकात्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधील ९५ वेतांतील ३६४ पिल्लांच्या नोंदी ठेवल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार प्रजननक्षम वयापर्यंत केवळ १९ टक्के पिल्ले पोहोचली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्क्यांमागे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात माणसाचा हात होता. ही संख्या वाचून पिल्ले उचलून नेण्याची घाई कोणाला होईल. परंतु अभ्यासाचा रोख नेमका उलट दिशेने आहे. पिल्लांचे बरेचसे मरण माणसाने ओढवलेले असल्यामुळे त्यांना आईसह सुखरूप राहू देणे हेही माणसाच्याच हाती आहे. जेथे शक्य असेल तेथे आईसकट पिल्लांना एखाद्या बंद अंगणात वा जिन्याखालच्या कोपऱ्यात आसरा देणे हा तात्पुरत्या सांभाळाचा सर्वोत्तम प्रकार होय. त्यात ऊब आणि दूध ही दोन्ही कामे आईच करते. माणसाने तिच्या पोटाची तेवढी काळजी वाहावयाची असते.

ऊब, दूध आणि तराजू

आईवाचून आलेल्या पिल्लांच्या सांभाळात चुकांना फारसा वाव नसतो. सर्वसाधारण समजूत अशी की भुकेल्या पिल्लाला प्रथम दूध पाजावे. वास्तविक प्रथम हवी असते ती ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. शरीर थंड पडले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटात गेलेले दूध न पचता तसेच राहते. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजणे हे त्याच्या मृत्यूचे कारण होऊ शकते. म्हणून पिल्लू आधी हळूहळू उबदार करावे. पहिल्या आठवड्यात त्याच्या बिछान्याजवळचे तापमान २९ ते ३२ अंश सेल्सियस असावे आणि पुढे ते क्रमाक्रमाने उतरवीत न्यावे. शेकण्याची रबरी पिशवी वा कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवतात. त्यामुळे उकडू लागल्यास पिल्लाला सरपटत दुसऱ्या बाजूला जाता येते.

दुसरा प्रश्न दुधाचा. गाईचे दूध भारतीय घरात सहज उपलब्ध असते आणि दयेपोटी तेच पाजले जाते. परंतु कुत्रीच्या व मांजरीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, तर दुग्धशर्करा कमी असते. केवळ गाईच्या दुधावर ठेवलेली पिल्ले जुलाबाने खंगतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी वापरणे हाच खात्रीचा मार्ग होय. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. एका वेळचे प्रमाण वजनाच्या दर १०० ग्रॅममागे सुमारे ४ मिलिलिटर एवढेच असते, कारण जठर तेवढेच धरते.

पाजण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. तान्ह्या मुलाप्रमाणे पिल्लाला उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. पिल्लू नेहमी पोटावर, आईच्या कुशीत लुचते त्याच स्थितीत असावे आणि दूध बळेच आत ढकलू नये. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने त्याच्या गुद व मूत्रमार्गाजवळ हलकेच पुसावे. आई हे काम जिभेने करते. या चेतनेवाचून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला मलमूत्रविसर्जन करता येत नाही, ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक पिल्ले प्राणास मुकतात.

सांभाळकर्त्याजवळ असावयाचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे स्वयंपाकघरातील ग्रॅमचा तराजू. निरोगी मांजराचे पिल्लू जन्मतः सुमारे १०० ग्रॅमचे असते आणि दररोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. कुत्र्याच्या पिल्लांची जन्मवजने जातीनुसार भिन्न असली, तरी आठ-दहा दिवसांत ती दुप्पट व्हावीत अशी अपेक्षा असते. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहून ठेवावे. पिल्लू निस्तेज दिसू लागण्यापूर्वीच वहीतला आकडा थबकलेला असतो. एका दिवसात वजन वाढले नाही तर सावध व्हावे आणि घटले तर विलंब न लावता पशुवैद्याकडे जावे. जंत बहुतेक सर्व भारतीय पिल्लांत आढळतात. दोन आठवड्यांच्या वयापासून वजनाप्रमाणे जंतनाशक देणे सुरू करतात.

घरातील काही नित्याच्या वस्तू या पाहुण्यांना विषासमान असतात. फरशी पुसण्याचे फिनेल मांजराच्या यकृताला पचविता येत नाही. पायांना लागलेले फिनेल चाटूनही मांजर आजारी पडते. तापावर माणसे घेतात ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कपाटातील डांबराच्या गोळ्या, कांदा, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

घरातील माणसांची सुरक्षितता

प्राण्यावरील दया घरातील मुलांच्या जिवावर बेतता कामा नये. या दृष्टीने सर्वांत गंभीर रोग म्हणजे रेबीज. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांपासून येतो आणि त्याची लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळेवर उपाय केल्यास तो हमखास टाळता येतो. ‘एवढेसे पिल्लू, त्याचे दात ते काय!’ ही समजूत अत्यंत घातक आहे. रस्त्यावरून आलेल्या, लस न टोचलेल्या पिल्लाच्या दातांनी वा नखांनी त्वचा फाटली, अथवा त्याची लाळ उघड्या जखमेला किंवा डोळ्याला लागली, तर ती घटना मोठ्या कुत्र्याच्या चाव्याइतकीच गांभीर्याने घ्यावयास हवी. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त निघालेल्या जखमेत लसीबरोबर प्रतिरक्षक द्रव्यही टोचावे लागते. चावणारा प्राणी दहा दिवस निरोगी राहतो की नाही हे पाहिले जाते. परंतु त्या निरीक्षणासाठी लस थांबवून ठेवावयाची नसते. नियमितपणे प्राणी सांभाळणाऱ्यांनी तर प्रतिबंधक लस आधीच टोचून घेणे श्रेयस्कर होय. भारत सरकारने २०२१ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात, कुत्र्यांपासून माणसांना होणाऱ्या रेबीजचे मृत्यू २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. घराघरांतली सावधगिरी हाही त्या कार्याचा भाग आहे.

इतर धोके सौम्य असले तरी दुर्लक्षणीय नाहीत. मांजराच्या पिल्लांपासून गजकर्णाचा संसर्ग होतो. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडतो. गर्भवती स्त्रीला त्याची बाधा झाल्यास गर्भाला अपाय संभवतो. हा परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. त्यामुळे विष्ठेची पेटी दररोज साफ केल्यास धोका बराच टळतो. मात्र हे काम गर्भवती स्त्रीने करू नये.

घरात आधीपासून कुत्रे अथवा मांजर असेल तर त्याची लस अद्ययावत हवी. नव्या पाहुण्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. पार्व्होची लक्षणे साधारणतः आठवड्याच्या आत उमटतात, परंतु डिस्टेंपरसारखा रोग याहून अधिक काळ दबा धरून असतो. ज्या घरात अशी वेगळी खोली अथवा बंद गच्ची नाही, त्या कुटुंबाने लहान पिल्लांऐवजी लस पूर्ण झालेला प्रौढ प्राणी सांभाळावयास घेणे अधिक शहाणपणाचे.

प्रौढ प्राण्याची विश्रांती

तात्पुरता सांभाळ केवळ पिल्लांसाठी असतो, हाही एक गैरसमज आहे. पाय मोडलेले, शस्त्रक्रियेतून उठलेले, मालकाच्या मृत्यूमुळे वा स्थलांतरामुळे निराधार झालेले प्रौढ कुत्रे आश्रयगृहात बहुधा सर्वांत दुःखी असते. घराची सवय असलेल्या या प्राण्याला भोवतालचे अखंड भुंकणे, अपरिचित गंध आणि सिमेंटची फरशी असह्य होते. ते खाणे सोडते, कोपऱ्यात तोंड लपवून बसते किंवा पिंजऱ्याच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकावर गुरगुरते. अशा कुत्र्याला कोणी घरी नेत नाही आणि जितके दिवस कोणी नेत नाही तितके ते अधिक बिघडत जाते.

अमेरिकेतील पाच आश्रयगृहांत या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दोनशेहून अधिक कुत्र्यांना केवळ एक-दोन रात्रींसाठी घरी नेण्यात आले आणि त्यांच्या मूत्रातील कॉर्टिसोल या, ताणाच्या काळात वाढणाऱ्या, द्रव्याचे मापन करण्यात आले. घरी असताना ते कमी झाले आणि कुत्र्यांना सलग विश्रांतीही अधिक मिळाली. आश्रयगृहात परतल्यावर त्याचे प्रमाण पुन्हा पूर्वीच्याच पातळीला आले. त्याहून वर मात्र गेले नाही. या शेवटच्या निरीक्षणाला विशेष महत्त्व आहे. थोड्या दिवसांची सुटी देऊन परत नेणे ही प्राण्याची क्रूर फसवणूक होय, असा आक्षेप घेतला जातो. त्याला या मापनाने आधार दिला नाही.

याहून व्यावहारिक लाभ माहितीचा आहे. पिंजऱ्यात गुरगुरणारे कुत्रे घरात लहान मुलांजवळ शांत बसते काय, एकटे राहिल्यास रडते काय, जिना चढते काय, फटाक्यांना भिते काय, हे आश्रयगृहात कळत नाही. सांभाळकर्त्याने लिहून दिलेले दोन पानी टिपण त्या कुत्र्याला योग्य घर मिळवून देण्यास पुष्कळदा कारणीभूत होते.

माणसाची ओळख होण्याचे वय

पिल्लांच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू असते. जे. पी. स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे कुत्र्यांवर दीर्घकाळ संशोधन करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू ज्यांच्या सहवासात येते त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. याच प्रयोगशाळेत चौदा आठवड्यांपर्यंत माणसापासून अलग वाढविलेली पिल्ले पुढे माणसाला जवळ येऊ देईनात. मांजराच्या पिल्लांत हा काळ आणखी लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात येतो.

अर्थात रोगाच्या भीतीने पिल्लाला चार महिने निर्जन कोंडून ठेवले तर ते जगेल, परंतु भित्रे व चावरे होईल. आणि सर्वांत मिसळू दिले तर कदाचित जगणारच नाही. या पेचातून घर हाच मार्ग काढू शकते. प्रेशर कुकरची शिट्टी, दाराची घंटा, मिक्सरची घरघर, छत्री, काठी टेकीत चालणारे आजोबा, धावणारी मुले, झाडू मारणारी बाई, या सर्वांची ओळख पिल्लाला संसर्गापासून दूर राहूनही होते. पुढे त्याला कायम नेणाऱ्या कुटुंबाला जे शहाणे कुत्रे मिळते, ते अशा एखाद्या अनामिक घराने घडविलेले असते.

कायद्याच्या मर्यादा

सांभाळकर्ता हा प्राण्याचा मालक नसतो. म्हणून संस्थेशी लेखी करार करणे उभयपक्षी हिताचे असते. औषधोपचाराचा खर्च कोण करणार, रात्री अडचण आल्यास कोणाला कळवावयाचे, मुदत किती आणि ती संपल्यावर जागा उपलब्ध असेल काय, हे प्रश्न प्राणी घरी येण्यापूर्वी विचारावेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची संमती घ्यावी. गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. तरीही शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवणे केव्हाही चांगले. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. म्हणजे कंटाळा आला म्हणून सांभाळातील प्राणी रस्त्यावर सोडता येत नाही.

वन्य प्राण्यांना ही योजना लागू नाही. घरट्यातून पडलेला पोपट वा मुंगसाचे पिल्लू घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे. अशा पिल्लाची माहिती तात्काळ वन विभागाला द्यावी.

रस्त्यावरील निरोगी प्रौढ कुत्र्यांबाबत देशाचे धोरण प्रथम २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ठरविले. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच परिसरात परत सोडणे हे त्याचे सूत्र होते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे या प्रश्नाची पुन्हा सुनावणी झाली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने हे सूत्र रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळून कायम ठेवले. ज्यांना रस्त्यावरील कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्यांना पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि असे कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून आश्रयगृहांत ठेवण्याचा आणि त्यांना त्याच जागी परत न सोडण्याचा आदेश झाला. या आदेशांविषयी समाजात तीव्र मतभेद आहेत. परंतु एवढे खरे की आश्रयगृहांवरील भार जसजसा वाढेल, तसतशी एकेका घरातील एकेका कोपऱ्याची किंमतही वाढेल.

निरोप

सांभाळाचा सर्वांत कठीण भाग शेवटी येतो. दोन महिने रात्री उठून ज्याला पाजले, त्याला परक्या हाती देताना घरातील मुले रडतात आणि मोठ्यांचाही पाय जड होतो. काही कुटुंबे त्या क्षणी मन बदलून प्राणी ठेवून घेतात. त्यात गैर काही नाही. तथापि ज्या घराने एकाला कायम ठेवून घेतले, त्या घरात पुढच्या पाहुण्यासाठी जागा बहुधा उरत नाही, आणि फाटकाशी ठेवलेले पुढचे खोके पिंजऱ्यातच जाते. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगावे की हा पाहुणा आहे, तो मोठा होऊन आपल्या घरी जावयाचा आहे. संस्थेने संमती दिल्यास नव्या कुटुंबाची भेट घालून द्यावी. पिल्लाचा वास लागलेले फडके, त्याच्या खाण्याच्या वेळा आणि वजनाची वही त्याच्यासोबत पाठवावी.

ती वही हाच या कामाचा खरा हिशेब होय. पहिल्या पानावर १८० ग्रॅम लिहिलेले असते. मधल्या एखाद्या पानावर आकडा दोन दिवस थबकलेला असतो आणि त्यापुढे पशुवैद्याच्या औषधाची नोंद असते. शेवटच्या पानावर काही किलोग्रॅम. वहीतली सगळीच पाने भरतात असे नाही. अनुभवी माणसांच्या हातूनही काही पिल्ले जातात, आणि अशा वेळी स्वतःला दोष न देता खोली ब्लीचिंग पावडरने धुऊन संस्थेला खरी हकिकत कळविणे हे सांभाळकर्त्याचे अखेरचे कर्तव्य असते. त्या घरात पार्व्होचा शिरकाव झाला असेल, तर पुढचे कित्येक महिने तेथे लस न टोचलेले पिल्लू आणू नये. त्या अवधीत त्या घराने लस पूर्ण झालेल्या एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याला चार दिवसांची विश्रांती द्यावी. तेही तितकेच मोलाचे काम आहे.